बिनदेवाचे भाऊ

या, अशा पुढं सरका बघू. दारात टेकून ऐकायची ही कोणती रीत? इतक्या दिवसांनी आठवण झाली म्हातारीची, आणि आल्या आल्या घड्याळाकडे बघताय. तो मोबाइल पालथा ठेवा जरा. मी एका माणसाचं सांगणार आहे, आणि तो माणूस घाईत कळणारा नाही. मला स्वतःला कळायला बारा-पंधरा वर्षं लागली, तीही अर्धवटच.

आमच्या सुरतेतल्या गल्लीच्या तोंडाशी देवीचं देऊळ आहे. पांडेसऱ्याच्या कारखान्यांकडून येणारा एकूण एक टेम्पोवाला तिथं एक हात उचलतो. कोणी छातीला लावतो, कोणी कपाळाला, कोणी नुसताच हॉर्न वाजवून सलाम ठोकतो. आमचे भाऊ मात्र तिथं टेम्पो हळू करायचे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवायचे. एकदा मी शेजारी बसले होते. म्हटलं, भाऊ, एक हात तरी उचला, देवी काही टोल मागत नाही.

भाऊ म्हणाले, “वहिनी, देवळातून निघणाऱ्या म्हाताऱ्या रस्ता बघत नाहीत. त्यांचं लक्ष असतं देवीकडे. मग कोणीतरी त्यांच्याकडे बघायला नको?”

मीही त्याच म्हाताऱ्यांतली.

भाऊ म्हणजे आमचा माल आणणारे. आमच्या गल्लीतल्या बायका घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात. कारखान्यातून साड्यांची गाठोडी येतात, त्यांना इकडे पोटलं म्हणतात. पोटलं आणायचं, घरोघर वाटायचं, काम झालं की तपासून, बांधून परत न्यायचं, हे भाऊंचं काम. माणूस आमच्याच खानदेशातला, तापीकाठचा. तापी जशी तिकडून निघून सुरतेला येते, तसे आम्ही सगळेच आलो. फरक इतकाच की आम्ही येताना कुलदेवी, खंडोबा, नवसाचे नारळ असं सगळं गाठीला बांधून आणलं. भाऊंनी काहीच आणलं नाही. त्यांच्या टेम्पोत काचेला लिंबू-मिरची नाही, पुढं देवाचा फोटो नाही. जिथं लोक गणपती बसवतात तिथं त्यांचा एक जादा बल्ब आणि पुसायचं फडकं. गल्लीत नावच पडलं होतं, बिनदेवाचे भाऊ. त्यांनाही ते ठाऊक होतं. कोणी तसं म्हटलं की ‘हजर’ म्हणायचे.

मी एकदा विचारलं, असं काय झालं हो तुमचं नि देवाचं? मला वाटलं, काहीतरी मोठं दुःख निघेल आणि मी पदर डोळ्याला लावीन. तर म्हणाले, काही झालं नाही. कोणाला कारलं आवडत नाही, तसं. लहानपणापासून जमलंच नाही. भांडण मुळीच नाही.

हे सगळं आत्ता का आठवलं तेही सांगते. परवा आमच्या सोसायटीत सप्ताह बसला होता. महाराज छान बोलले, गळाही गोड. बोलता बोलता म्हणाले, ज्याला देवाचं भय नाही तो माणूस म्हणजे लगाम नसलेलं घोडं, कुठं तोंड घालेल सांगता येत नाही. साऱ्या माना हलल्या. माझीही हलायला लागली, आणि मध्येच थांबली. शेजारी माझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या. त्यांची मान तर जागची हललीच नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि महाराजांच्या देखत दोन म्हाताऱ्या फिसकन हसल्या. पुढच्या ओळीतल्या बाईंनी मागं वळून डोळे वटारले. आता त्या बाईंना काय सांगणार? तुम्हाला सांगते.

भाऊ दिसायला सुके, हाताची बोटं मात्र जाड, दोरी ओढून ओढून घट्टे पडलेली. पोटल्याची गाठ त्यांची स्वतःची असायची. गाठ मारून झाली की तिचं टोक दुमडून आत खोचायचे, कान दुमडल्यासारखं. म्हणायचे, टोक बाहेर राहिलं की कशालातरी अडकतं. शंभर गाठोड्यांत त्यांचं गाठोडं ओळखू यायचं.

त्यांचं एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. एकदा एका पोरीनं टिकल्यांची ओळ तिरकी चिकटवली, तीही साडीच्या आतल्या बाजूला, जी निऱ्यांत दडते. मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ, तिथं कोण बघतंय?

“मी बघतोय ना,” भाऊ म्हणाले.

आणि तिथंच ओट्यावर मांडी घालून बसले, नखानं एकेक टिकली उचकटायला लागले. पुन्हा चिकटवायलाही बसले. त्या जाड बोटांना ती एवढीशी टिकली कुठली सापडायला? निम्म्या त्यांच्या अंगठ्यालाच चिकटल्या. संध्याकाळपर्यंत अंगठा चमकत होता, आणि पोरी त्यांना ‘भाऊ, मेंदी कधी’ असं विचारत होत्या.

गणपती विसर्जनाला मात्र सगळ्या मंडळांना भाऊंचाच टेम्पो हवा असायचा. बाकीचे ड्रायव्हर नाचायला उतरतात, गाणी लावतात, मध्येच ब्रेक मारतात. भाऊ दिवसभर चालत्या माणसाच्या वेगानं गाडी हाकायचे. कोणी चिडवलं, काय भाऊ, शेवटी देवाची चाकरी करताच ना, की सांगायचे, “मूर्ती कोणाची का असेना, माल नाजूक आहे.”

आणि चाव्या. आमची गल्ली सारखी कुठंतरी देवाला निघालेली असते. आज कोणी सप्तशृंगीला, उद्या कोणी आणखी कुठं. घराची चावी कोणाकडे ठेवायची? भाऊंकडे. कारण ते कुठं जातच नाहीत. त्यांच्या दाराच्या आत भिंतीला सात खिळे ओळीनं ठोकलेले होते, प्रत्येक खिळ्याला एका घराची चावी. म्हणजे बघा, जायचं देवाच्या भेटीला आणि घर सोडायचं बिनदेवाच्या भरवशावर. वर आमच्या तुळशींना पाणी घालायचं कामही त्यांच्याच गळ्यात. सकाळी तांब्या घेऊन दारोदार फिरताना दिसायचे. जाऊबाई विचारायच्या, आता कशी चालते तुळस? तर म्हणायचे, झाड आहे, पाणी मागतं.

या जाऊबाईंचं आणि भाऊंचं मात्र जुंपायचं. जाऊबाई म्हणजे आमच्या घरातल्या सोवळ्याच्या सरदार. बाजूच्याच घरात राहतात, पण सत्ता आमच्या घरावर. भाऊ दिसले की त्यांचा एकच प्रश्न असायचा, वर गेल्यावर काय तोंड दाखवाल? भाऊ म्हणायचे, हेच दाखवीन, दुसरं कुठून आणू? आणि विचारलंच तर सांगेन, पोटली वेळेवर पोचवली. जाऊबाई कपाळाला हात लावायच्या. मला खासगीत सांगायच्या, माणूस कामाला चांगला आहे, पण आत धाक नाही. धाक नसलेला माणूस आज चांगला, उद्याचं काय?

तो उद्याचा दिवस एका श्रावणात उगवला.

श्रावणात नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ घालायची, साडी-चोळी करायची, चौरंगावर बसवायची. पुरणाचे रोट करायचे, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. सोमवारी सकाळी आरती करून चौरंग डोक्यावर घ्यायचा आणि वाजतगाजत तापीवर न्यायचा. एकदा बसवली की तोवर देवी जागची हलवायची नाही. हलवली तर घरादाराला भोवतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

त्या शनिवारी दुपारी गल्लीतल्या सगळ्या साड्या पुऱ्या झाल्या. भाऊंनी तपासल्या, पोटलं बांधलं, गाठ खोचली. टेम्पोत जागा नव्हती, म्हणून पोटलं माझ्या पुढच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं. सोमवारी नेतो म्हणाले. आम्ही बायका कानबाईच्या बाजारहाटाला गेलो, घराला कुलूप, चावी भाऊंकडे. परत आलो, भाऊंकडून चावी आणून दार उघडलं, चावी पुन्हा त्यांच्या खिळ्याला गेली, मी स्वयंपाकघरात डाळ निवडायला बसले आणि पुढच्या खोलीत जाऊबाईंनी देवीची मांडणी केली. इथपर्यंत सगळं नीट.

रविवारी देवी बसली. चौरंगाखालून पांढरीशुभ्र चादर जमिनीपर्यंत सोडलेली, वर नथ घातलेली आई. काय रूप सांगू. आणि अकराच्या सुमाराला भाऊ आले. कारखान्याच्या शेठचा फोन आला होता, माल बाहेरगावी जायचाय, पोटलं आजच पाहिजे.

पोटलं कोपऱ्यात नव्हतं.

पलंगाखाली नाही, माळ्यावर नाही, मोरीत नाही. जाऊबाईंच्या घरात शोधलं, गल्लीतल्या पोरींच्या घरी शोधलं. चार घरांच्या बायकांचं महिन्याचं काम त्या पोटल्यावर. पोटलं गेलं तर शेठ आमच्या गल्लीत पुन्हा एक साडी पाठवणार नाही. सगळ्याजणी म्हणायला लागल्या, बाजारात निघालो तेव्हा तर होतं. मग घर बंद असताना गेलं. आणि चावी कोणाकडे होती?

सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं.

जाऊबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, वादच नको. आई समोर बसली आहे. एकेकानं चौरंगाला हात लावून शपथ घ्यायची. आधी त्यांनी स्वतः घेतली, खणखणीत आवाजात, की मी साड्यांच्या पोटल्याला हात लावलेला नाही. मग मी घेतली. मग पोरींनी. मग पाळी आली भाऊंची. ते चौरंगापाशी आले, खाली वाकले, हात पुढं केला. पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलत होती. क्षणभर तिथंच थांबले, आणि हात मागं घेतला.

“मी शपथ घेणार नाही,” भाऊ म्हणाले. “पोटलं मी नेलेलं नाही. पण शपथ घेणार नाही.”

“भीती वाटली ना शेवटी?” जाऊबाई म्हणाल्या.

“भीती नाही, मोठ्या वहिनी. तिच्यावर भरवसा तुमचा आहे, माझा नाही. मी मानतो असं दाखवून तुमची खात्री पटवली, तर ती फसवणूकच झाली. नुसत्या माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवता आला तर ठेवा.”

आता बघा हं, कसं आहे ते. ज्याला देवीचं भयच नाही त्याला खोटी शपथ घ्यायला काय लागत होतं? हात लावायचा, चार शब्द बोलायचे, सुटायचं. हे मला आज दिसतं. त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

भाऊ ओट्यावर गेले आणि शेठला फोन लावला. आम्ही कान टवकारले. गुजरातीत बोलत होते. आज होणार नाही, चूक माझ्याकडची आहे, “काले सवारे, शेठ”, उद्या सकाळी आरती झाली की घेऊन येतो. पलीकडून शेठचा आरडाओरडा आम्हाला आतपर्यंत ऐकू आला.

जाऊबाईंनी टाळीच वाजवली. ऐकलंत? उद्या आणतो म्हणतोय, म्हणजे माल याच्याकडेच आहे, अजून काय पुरावा पाहिजे? आणि त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, गल्लीच्या चाव्या परत करा.

भाऊ घरी गेले, सातही खिळ्यांवरच्या चाव्या घेऊन आले, एकेक करून ज्याची त्याला दिली. माझी चावी माझ्या हातावर ठेवताना म्हणाले, वहिनी, तुमच्या मागच्या कडीचा स्क्रू ढिला झालाय, बसवून घ्या. मी काही बोलले नाही. हे मला सांगितलंच पाहिजे. बारा वर्षं ज्या माणसाच्या जिवावर घर सोडून फिरले, त्याच्याकरता माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. देवी समोर बसली होती, मी शपथ घेऊन मोकळी झाले होते, आणि गप्प होते. त्या दिवशीचं पुरण चांगलं झालं होतं म्हणतात. मला चव आठवत नाही.

सोमवारी उजाडता भाऊंचा टेम्पो दारात उभा. आरती झाली. पोरी टाळ्या वाजवत होत्या, जाऊबाईंच्या हातात आरतीचं ताट. मी चौरंग उचलला, डोक्यावर घेतला, आणि चादर सर्रकन खाली घसरली.

खाली पोटलं. गाठीचं टोक दुमडून आत खोचलेलं.

झालं होतं असं. आमचा चौरंग एका पायानं डुगडुगतो. जाऊबाईंनी शनिवारी विचार केला, खाली काही मऊ घातलं तर पाय रुततील, डुगडुगणार नाही, देवीही जरा उंच दिसेल. कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं आणि घातलं. त्यांना वाटलं गोधड्यांचं आहे. तुम्हाला ठाऊक आहे, सुरतेत आमच्या घरी सगळंच मिलच्या कोऱ्या कापडात बांधलेलं असतं, गोधड्या काय नि साड्या काय. म्हणजे साड्यांना हात लावला नाही अशी शपथ त्यांनी त्याच साड्यांच्या वर हात ठेवून घेतली होती. आणि त्यांच्या मागून आम्हीही.

जाऊबाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. भाऊंनी दाराबाहेर चपला काढल्या, आत आले, पोटलं उचललं, गाठ चाचपली, खांद्यावर टाकलं.

“घडी मोडलेली नाही,” म्हणाले. “देवी हलकी आहे तुमची.”

मला चौरंग डोक्यावर असताना हसू आवरेना. नथीसकट आई हलायला लागली, तेव्हा पोरींनी दोन्हीकडून धरलं.

तापीवरून परत आल्यावर मी त्यांना गाठलं. विचारलं, तुम्हाला रविवारीच दिसलं होतं ना? म्हणाले, हो, चादर उडाली तेव्हा गाठ दिसली. मग सांगितलं का नाही? तर उलट मलाच विचारलं, सांगितलं असतं तर देवीला उठवलं असतं तुम्ही? मी म्हटलं, छे हो, कसं उठवणार. “मग? दिवसभर उठवताही आलं नसतं आणि जिवाला चैनही पडली नसती. सण गेला असता तुमचा. पोटलं सापडलं होतं, एक दिवस उशिरानं गेलं, एवढंच. बाकी माझंच होतं, ते मी बघून घेतलं.”

मी म्हटलं, आणि आम्ही तुम्हाला चोर म्हटलं ते? भाऊ दोरी गुंडाळत होते. म्हणाले, ते लागलं. खोटं कशाला बोलू. रात्री जेवण गेलं नाही. पण मी नेलं नव्हतं, हे मला तर ठाऊक होतं ना.

जाऊबाईंनी मात्र अंथरूण धरलं. खोटी शपथ घेतली, तीही आईच्या चौरंगाला हात लावून, आता काय होणार? मी समजावलं, त्यांच्या मुलानं समजावलं, कोणाचं ऐकेनात. शेवटी भाऊ गेले. उंबऱ्यातच बसले. म्हणाले, मोठ्या वहिनी, खोटं बोलणं वेगळं आणि चुकणं वेगळं. तुम्ही चुकलात. एवढा फरक मला कळतो, तर तुमच्या देवीला कळत नसेल का?

जाऊबाई उठून बसल्या. म्हणजे बिनदेवाच्या माणसानं त्यांना देवीवरचा भरवसा परत दिला. त्या मग स्वयंपाकघरात गेल्या, ताटात रोट घेतला आणि भाऊंपुढं ठेवला. मी हळूच म्हटलं, अहो, हा भाऊबंदांचा, बाहेरच्याला चालत नाही ना? जाऊबाई रागावल्या की सरळ अहिराणीवर येतात.

“बाहेरना कोन शे व?”

भाऊंनी रोट खाल्ला. म्हणाले, गूळ कमी पडलाय. झालं, पुन्हा जुंपली दोघांची, आणि मला हायसं वाटलं.

चाव्या जाऊबाईंनीच गल्लीभर फिरून गोळा केल्या आणि स्वतःच्या हातानं भाऊंच्या खिळ्यांना अडकवल्या. सगळ्या चुकीच्या खिळ्यांना. पुढचे पंधरा दिवस भाऊ आमची चावी दुसऱ्याच्या कुलपाला लावून बघत होते, पण त्यांनी ते जाऊबाईंना कळू दिलं नाही. आणि दरवर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी पुठ्ठ्याची घडी घेऊन यायचे, चौरंगाच्या आखूड पायाखाली सारायचे, तळहातानं दाबून बघायचे. देवीसाठी नाही हं, म्हणायचे, पोटल्यांसाठी.

मी काही शिकलेली नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढचं वाचून वाचून. देव आहे की नाही यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. माझा आहे, मी त्याला रोज दिवा लावते. पण दिवा लावता लावता त्याला एवढं सांगते की बाबा, त्या माणसानं तुला कधी हात जोडले नाहीत ते मनावर घेऊ नकोस. त्याचे हात कामात होते.

गेल्या दिवाळीत भाऊंचे गुडघे फारच बोलायला लागले. टेम्पो विकला आणि पलसाण्याला लेकीकडे राहायला गेले. नवा माणूस येतो आता पोटली घेऊन. टेम्पोत तीन देव आहेत, पोरगा गुणी आहे, गाठीचं टोक मात्र बाहेर सोडतो. भाऊंचं घर बंद आहे. त्याची चावी आमच्याकडे. जाऊबाईंनी आपल्या देवघराशेजारी एक खिळा ठोकून घेतलाय, तिथं ती एकटीच लटकते. त्यांच्या ओट्यावरच्या कुंडीला पाणीही जाऊबाईच घालतात. विचारलं तर म्हणतात, झाड आहे, पाणी मागतं.

हे सगळं मी लिहूनही काढतेय. भाऊ, लेक तुम्हाला वाचून दाखवील, म्हणून. मी त्या रविवारी गप्प बसले, ते तुम्ही कधी काढलं नाहीत, पण मी विसरलेले नाही. पलसाणा काही फार लांब नाही. श्रावण तोंडावर आलाय. सुताराला चौरंगाच्या पायाला हात लावू दिलेला नाही, अजून तसाच डुगडुगतोय. गूळ यंदा जास्त घालायचं जाऊबाईंनी कबूल केलंय. शनिवारीच या. पुठ्ठा इथं आहे.